नगरपालिकेसोबत जुन्या वस्तूंचं दुकान: करारापासून आवक टेबलापर्यंत

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात मराठवाड्यात घरोघरी धुणं निघतं. गोधड्या, वाकळा, पडदे, माळ्यावरची भांडी, सगळं अंगणात येतं. जे परत आत जात नाही, त्याचं बोचकं बांधून घंटागाडीत टाकलं जातं. दिवाळीच्या झाडझुडीत पुन्हा तेच. त्या बोचक्यात घडी न मोडलेले आहेराचे झंपरपीस असतात, टॉवेल-टोप्या असतात, एक गॅस्केट बदललं तर अजून दहा वर्षं शिजवील असा कुकर असतो. हा माल कचरा डेपोवर जायच्या आत अडवायचा, निवडायचा, थोडक्या पैशात विकायचा आणि त्यातून दोन-तीन जणींचा पगार काढायचा, असं हे दुकान.

‘माणुसकीची भिंत’ (नको ते ठेवून जा, हवं ते घेऊन जा) आपल्याकडे गावोगावी झाली. पुढे २०२३ साली १५ मे ते ५ जून या काळात ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहीम झाली, तेव्हा देशभरातल्या पालिकांनी ‘आरआरआर’ (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) केंद्रं उघडली. भिंतीपाशी काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पहिल्या आठवड्यात चांगले शर्ट, दुसऱ्या आठवड्यात फाटके, तिसऱ्या आठवड्यात पावसात भिजलेला ढीग आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. भिंतीला ‘हे नको’ म्हणता येत नाही. दुकानाला म्हणता येतं, आणि दुकान टिकायचं असेल तर दोन गोष्टी रोज जमल्या पाहिजेत: नको ते दारात नाकारणं आणि न खपलेलं ठरलेल्या दिवशी बाहेर काढणं.

पालिकेकडून नेमकं काय घ्यायचं

असं दुकान चालवू पाहणारी स्वयंसेवी संस्था पालिकेकडे जाते ती जागा मागायला. जागा हवीच, पण ती पहिली मागणी नव्हे. पहिली मागणी उरलेल्या मालाच्या उचलीची. तुम्ही कितीही नाकारा, आलेल्या मालातला काही भाग कशाच्याच उपयोगाचा नसतो. तो आठवड्यातून दोनदा पालिकेच्या गाडीने उचलला नाही, तर महिनाभरात दुकानच डेपो होतं आणि शेजारचे गाळेवाले अर्ज घेऊन पालिकेत पोचतात. दुसरी मागणी घंटागाडीवरच्या घोषणेची: ‘चालू वस्तू, धुतलेले कपडे अमुक ठिकाणी द्या’, एवढं एक वाक्य. जागा तिसरी.

ब्रिटनमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातच ‘रिसायकलिंग क्रेडिट’ची तरतूद झाली. जो माल कचऱ्यात जाण्यापासून वाचला, त्याच्या विल्हेवाटीचा वाचलेला खर्च वाचवणाऱ्याला द्यायचा, असा तो हिशेब. आपल्याकडे टनामागे पैसे मागत बसलात तर फाईल लेखा विभागात अडकेल. त्यापेक्षा वीजबिल मागा. वीजमीटर पालिकेच्या नावावर राहू द्या आणि बिल त्यांनीच भरावं, हे करारात घ्या.

कागद

संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. पालिका मागेल ते कागद: नोंदणी प्रमाणपत्रं, घटना, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि शेड्यूल-१ चा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, विश्वस्तांच्या नावांसकट) उतारा. गाडी या शेवटच्या कागदापाशी थांबते. विश्वस्त बदलले पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज पडून आहे, म्हणजे सही करणाऱ्या अध्यक्षाचं नाव शेड्यूल-१ वर नाही, अशी अवस्था पुष्कळ संस्थांची असते. पालिकेत जाण्याआधी हे तपासा. घटनेच्या उद्देशांत पर्यावरण, महिलांना रोजगार, गरिबांना मदत यांपैकी काहीच नसेल तर घटनादुरुस्ती आधी करून घ्या. त्यात महिने जातात.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, महापालिका असेल तर आयुक्तांच्या. तो आवक-जावक कक्षात देऊन पोच घ्यायची. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज टेबलावर राहतो, आवक क्रमांक पडलेला अर्ज फिरतो. तिथून तो स्वच्छता विभागाकडे जातो. स्वच्छता निरीक्षक आणि स्वच्छ भारत अभियानाचा शहर समन्वयक यांची टिपणी त्यावर लागते, मग विषय सभेपुढे जातो. सभागृह असेल तर ठराव, नसेल तर प्रशासकाचा आदेश. ठरावाची प्रत हाती आल्याशिवाय एक रॅकसुद्धा विकत घेऊ नका. तोंडी ‘करा सुरू’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली की पुढचा विचारतो, ‘कोणत्या ठरावाने बसलात?’

करार सामंजस्य करार म्हणून करा आणि जागेपुरतं ‘वापर परवानगी’ असं लिहा. ‘भाडेपट्टा’ हा शब्द आला की मूल्यांकन, लिलाव अशी निराळीच वाट सुरू होते. मुदत किमान तीन वर्षांची मागा. दरवर्षी आढावा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंना ६० दिवसांची नोटीस. बाकीची कलमं अशी हवीत:

- विक्रीचे पैसे संस्थेचे, त्याचा वेगळा हिशेब दर सहा महिन्यांनी पालिकेला पाहायला मिळेल.
- उरलेला माल आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी पालिका उचलेल. सलग दोनदा गाडी आली नाही तर संस्था आवक बंद ठेवू शकेल.
- आवक, विक्री आणि जावक यांचं वजन संस्था दर महिन्याच्या ५ तारखेला देईल. स्वच्छ सर्वेक्षणाच्या कागदांसाठी पालिकेला हे आकडे लागतात. तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं नाणं हेच.
- घंटागाडीवरच्या कामगारांनी वेगळा ठेवलेला चांगला माल दुकानात आला तर त्यांना किलोमागे किती द्यायचं, ते आधीच ठरेल. हे कलम गाळलं तर चांगला माल वाटेतच भंगारवाल्याकडे उतरतो, आणि त्यात त्या कामगाराची चूक नाही.
- दुकानाच्या फलकावर कुणाचाही फोटो नाही.

शेवटचं कलम शिष्टाचाराला सोडून वाटतं, पण धरून ठेवा. आचारसंहिता लागली की फोटोवाला फलक कागद लावून झाकतात. झाकलेल्या फलकाचं दुकान लोकांना बंद वाटतं. एकदा तुटलेली सवय परत लागायला वेळ जातो. त्याच काळात फुकट वाटपही थांबवा. विक्री चालू ठेवायला हरकत नसते, तरी तसं पत्र पालिकेकडून आधी घेऊन ठेवा.

जागा

६०० ते ८०० चौरस फूट, तळमजला, बसस्थानक किंवा आठवडी बाजारापासून पायी अंतरावर. पालिकेच्या संकुलातले न गेलेले गाळे, बंद पडलेली नगरपालिकेची शाळा, जुना जकात नाका, असं काहीतरी प्रत्येक गावात असतं. सुका कचरा केंद्राच्या आवारात दुकान टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो घेऊ नका. डेपोच्या रस्त्याला कपडे घ्यायला कुणी बाई येत नाही. निवडीचं काम तिकडे नेलं तर चालेल, विक्री बाजारातच हवी.

आत तीन भाग करा: दाराशी आवक टेबल, मागे निवडीची जागा, समोर विक्री. देणारा आणि घेणारा यांची दारं किंवा निदान वेळा वेगळ्या ठेवा. आवक सकाळी ९ ते ११, विक्री ११ नंतर. आपण दिलेली साडी आपल्यासमोर दुसरीने उचलली, हे दोघींनाही अवघड जातं. लहान गावात तर सगळेच ओळखीचे.

सामान फार लागत नाही: १०० किलोचा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा (किलोवर काही विकणार असाल तर वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी हवा), कमरेइतक्या उंचीचं ६ बाय ३ फुटांचं टेबल, लोखंडी पाइपचे कपड्यांचे स्टँड, भिंतीवर पूर्ण उंचीचा एक आरसा, पडदा लावलेला एक कोपरा आणि एबीसी प्रकारची दोन अग्निशमन नळकांडी. आरशाशिवाय कपडे विकले जात नाहीत. संध्याकाळची दिवाबत्ती झाली की उदबत्ती विझवूनच कुलूप लावायचं, हा नियम भिंतीवर लिहा. कपड्यांच्या गोदामाला तेवढीही ठिणगी पुरते.

आवक टेबल

इथे सगळ्यात तयारीची, तोंडाने गोड आणि मनाने घट्ट बाई बसवा. तिच्यासमोर देणाऱ्याने बोचकं सोडायचं. ‘ठेवून जातो, बघा तुम्ही’ हे चालणार नाही. देणारा गेल्यावर बोचकं उघडलं की त्यात ओलं पायपुसणं, जुनी औषधं आणि एकच चप्पल निघते.

दारात नाकारायच्या वस्तूंची पाटी मोठ्या अक्षरांत लावा: ओले किंवा न धुतलेले कपडे, आतले कपडे, गाद्या, सोफे, उशा, औषधं, हेल्मेट, गॅसची नळी आणि रेग्युलेटर, पाणी तापवायचा रॉड, चरे पडलेला नॉनस्टिक तवा, मोबाइल, लॅपटॉप. मोबाइल-लॅपटॉपमध्ये देणाऱ्याची माहिती राहते आणि चोरीचा मालही त्याच वाटेने येतो. बंद पडलेल्या विजेच्या वस्तू ई-कचऱ्यात जमा होतात. त्या पालिकेच्या ई-कचरा संकलनात आणि तिथून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम हेच सांगतात.

फवारणीच्या औषधाचे कॅन आणि पिंप कोणत्याही कारणाने घेऊ नका. टंचाईच्या वर्षी, म्हणजे २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तसल्या वर्षी, पिंप, टाकी, घागर सगळ्यात आधी उचललं जातं. घेणारी बाई त्यात प्यायचंच पाणी भरणार. वास गेला म्हणजे विष गेलं असं नसतं. पिंपात आधी काय होतं हे देणारा सांगू शकत नसेल तर परत करा.

तांब्या-पितळेची भांडी, सायकली, पाण्याच्या मोटारी यांची नोंद नाव, फोन आणि सहीसकट करा. सायकलीचा फ्रेम नंबर लिहा, नळाची मोटार असेल तर फोटो काढा. एकटा तरुण पोरगा भरदुपारी आजीचा हंडा घेऊन येतो तेव्हा ‘घरून कुणाला तरी घेऊन ये’ म्हणावं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला जागा असताना, तो घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. वहीतली नोंद तुमच्या बाजूने बोलेल.

देणारे ‘८०जीची पावती मिळेल का?’ विचारतात. वस्तुरूप देणगीला ती आयकर सवलत नाही. साधी पोच द्या, तिच्यावर रक्कम लिहू नका.

वजन करून झालं की प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करायचे. सदरा, बंडी, पोराची हाफचड्डी, काही सोडायचं नाही. साडी पूर्ण उलगडून पदराचं टोक चाचपायचं, कारण जुन्या बायका नोट पदराला गाठ मारून ठेवतात आणि साडी तशीच घडी होते. बॅगेच्या अस्तराला आतून हात फिरवायचा. जे सापडेल ते दोघींच्या सहीने ‘सापडलेल्या वस्तू’च्या वहीत लिहायचं आणि त्याच दिवशी देणाऱ्याला फोन करायचा. एकदा कुणाची दोन हजारांची नोट किंवा डोरलं परत गेलं की त्या गल्लीतला सगळा माल तुमच्याकडे येतो.

निवड: चार ढीग

सरावलेली बाई तासाला साधारण ३० किलो कपडे निवडते. सुरुवातीला १५ धरा. ५० किलोच्या धान्याच्या पोत्यात कपडे २० ते २५ किलोच बसतात, म्हणजे एका पोत्याला नव्या हाताचा दीड तास जातो. यावरून दिवसाला किती पोती घ्यायची ते ठरवा आणि ती भरली की त्या दिवशीची आवक बंद करा. न निवडलेला माल दुसऱ्या दिवसावर गेला की तो वाढतच जातो.

पहिला ढीग विक्रीचा. कसोटी सोपी: ओळखीच्या माणसाने दिला तर आपण घालू का? काखेतला डाग, विरलेली कॉलर, गेलेली चेन दिसली की पुढचा ढीग. बटण तुटलंय एवढ्यासाठी टाकू नका, बटणांचा डबा टेबलावर ठेवा.

दुसरा ढीग सुती साड्या, धोतर, जुन्या चादरी यांचा. हा गोधडी आणि पिशव्या शिवणाऱ्या बचत गटाला. गोधडीला मऊ पडलेलं सूत लागतं, पॉलिस्टर घुसडलं की सुई अडते आणि अंगावर घेतली तर घाम येतो. गटाला हा माल किलोवर नाममात्र भावात द्या आणि त्यांच्या तयार गोधड्या दुकानात ठेवा. दुकानातली सगळ्यात महाग आणि तरी हमखास खपणारी वस्तू तीच.

तिसऱ्या ढिगात पॉलिस्टरच्या फाटक्या साड्या. शहरातल्या लोकांना याचा उपयोग सुचत नाही, शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. रानडुकरं आणि हरणं येऊ नयेत म्हणून शेताभोवती साड्या बांधतात. पेरणी उगवून आली की जुलैत आणि हरभरा कोवळा असताना नोव्हेंबर-डिसेंबरात मागणी येते. भडक रंगाच्या, आडव्या न फाटलेल्या साड्या दहा-दहाचा गठ्ठा करून बाजाराच्या दिवशी दारात ठेवा. उभी फाटली असेल तर चालते, आडवी फाटलेली ताण घेत नाही.

चौथा ढीग चिंधीचा. सुती चिंधी गॅरेजवाले आणि छापखाने पुसायला घेतात, तेवढी वेगळी काढून हातभर तुकडे करा. बाकीची पालिकेच्या गाडीत.

भांडेवाल्या बायका आणि भंगारवाले तुमच्या आधीपासून हेच काम करतायत. त्यांच्याशी स्पर्धा मांडू नका. लोखंड, पत्रा, रद्दी दुकानात घेऊच नका, ते त्यांचं पोट आहे. उलट चिंधीच्या ढिगातला जाडाभरडा माल भांडेवाल्या बायकांना ठरलेल्या वारी दाखवा. चांगला भाव त्यांनाच माहीत असतो.

ढेकूण हा या धंद्याचा खरा शत्रू. गाद्या, सोफे, उशा यांना म्हणूनच दारात नाही म्हणायचं. फक्त शिकवण्यांच्या पोरांच्या रुमवरच्या पातळ गाद्यांना सवलत, तीही उन्हाळ्यात. काळ्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर दुपारभर ठेवा. आतल्या मधल्या भागाला ५० अंशांच्या वर तास-दीड तास मिळाला की ढेकूण आणि अंडी दोन्ही जातात. मराठवाड्याचं मे महिन्याचं ऊन या एका कामी फुकट मिळतं. पावसाळ्यात हे होत नाही, तेव्हा गाद्या घ्यायच्या नाहीत. कपड्यांच्या पेट्यांत वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. डांबरगोळीचा वास कपड्याला लागला की तो ‘जुना’ वाटतो आणि खपत नाही.

विजेच्या वस्तू

आठवड्यातून दोन दिवस वायरमन लागतो, आणि त्याला पैसे देऊनच बोलवा. फुकट येणारा दुसऱ्या महिन्यात येत नाही, आणि मग न तपासलेला मिक्सर शेल्फवर चढतो.

सिरीज बोर्ड आधी: १०० वॅटचा बल्ब मालिकेत लावलेला साधा फळकुट. वस्तूचा स्विच बंद असताना बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. पंखा हळू फिरतो तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो, छताच्या पंख्याला २.५ मायक्रोफॅरडचा टाकून पाहा. मिक्सर घरघरतो पण पातं फिरत नाही तर कपलर झिजलाय, जार खालून गळतो तर बुश. इस्त्रीची वायर हँडलपाशी तुटते. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. मोटार जळली असेल तर दुरुस्ती करत बसू नका, ई-कचऱ्यात.

पत्र्याच्या कूलरला मात्र वेगळा नियम. उन्हाळ्यात त्याला सगळ्यात जास्त मागणी असते आणि जीव घेण्याची ताकद दुकानातल्या याच वस्तूत आहे. पाणी, पत्रा, ओले हात आणि उघडे पाय एकत्र येतात. तपासणी या क्रमाने:

१. वायर तीन पदरी आहे का, आणि पिन उघडून हिरवी वायर खरंच जोडलेली आहे का ते पाहा. जुन्या कूलरला कुणीतरी दोन पदरी वायर लावलेली सापडते. ती बदलल्याशिवाय पुढे नाही.

२. मल्टिमीटरचं एक टोक पिनच्या जाड दांडीला, दुसरं पत्र्याला. रंगावर टेकवू नका, रंग वीज अडवतो. कोपऱ्यात खरवडून उघड्या लोखंडाला टेकवा. एक ओहमच्या आत आलं पाहिजे.

३. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) फेज-न्यूट्रल एकत्र करून पत्र्याशी मोजा. किमान १ मेगाओहम हवा.

४. टाकी भरा, पंप तासभर चालवा, पिन काढा आणि हीच मोजणी पुन्हा करा. कोरडा कूलर पास होतो आणि ओला नापास होतो, कारण पंपाचं सील गेलेलं असतं. बरेच मिस्त्री ही चौथी पायरी गाळतात. गाळू देऊ नका. शक्यतो पंप नवाच टाका, त्याची किंमत कूलरच्या किमतीत धरा.

५. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तासभर चालवून मगच चिठ्ठी लावा: तारीख, तपासणाऱ्याची सही, आकडे.

घेणाऱ्याच्या घरी अर्थिंग आहे का, हे विचारा. नसेल तर पत्र्याचा देऊ नका, प्लास्टिकच्या बॉडीचा द्या. ‘पाणी भरताना स्विच बंद करून पिन काढायची’ हे चिठ्ठीवर छापलेलं असू द्या आणि तोंडीही सांगा.

कुकरला वीज नसली तरी तो याच टेबलावर येतो. गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा, हँडलचे स्क्रू घट्ट. बुड फुगलेलं असेल तर तो कधीतरी कोरडा तापलाय, सरळ भंगारात.

भाव

फुकट देऊ नका, हा या लेखातला सगळ्यात वादाचा सल्ला असेल. फुकटात उचललेला शर्ट कोपऱ्यावर टाकला जातो, आणि मान खाली घालून घ्यावं लागणं कुणालाच आवडत नाही. तीस रुपये टाकून घेणारी बाई भाव करते, नापसंत करते, उलट-सुलट करून पाहते. ती गिऱ्हाईक असते. ज्यांच्याकडे तेही नाहीत, त्यांना अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापकांमार्फत कूपन द्या. काउंटरवर कूपन आणि नोट दोन्ही एकाच गल्ल्यात पडली पाहिजेत, मागच्याला फरक कळायला नको.

भाव गोल आकड्यांत ठेवा. शर्ट ३०, जीन्स ६०, रोजची साडी ५०, आहेराची कोरी साडी १५०, शाळेचा गणवेश ४०. गावाच्या बाजारातल्या नव्या मालाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलात तर लोक नवाच घेतात. हलक्या नव्या कुर्त्या आठवडी बाजारात दीडशेला मिळतात, तेव्हा जुनी शंभरला ठेवून काही होणार नाही.

चार रंगांच्या टिकल्या आणा, दर आठवड्याला एक रंग. दोन आठवडे पूर्ण भाव, तिसऱ्या आठवड्यात अर्धा, चौथ्यात दहा रुपये. पाचव्या सोमवारी त्या रंगाचं जे काही उरलं ते स्टँडवरून खाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या ढिगात. ‘एवढी चांगली साडी, राहू दे अजून आठवडाभर’ असं म्हणणारं कुणीतरी रोज भेटेल. ऐकू नका. तीच साडी तिसऱ्यांदा पाहिली की गिऱ्हाईक दाराशीच म्हणतं, ‘नवीन काही नाही आलं.’

शनिवारी आणि अमावास्येला लोखंडाच्या वस्तूंना हात लागत नाही. पितृपक्षात एकूणच विक्री मंदावते. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ते दिवस दुरुस्तीला ठेवा.

वर्षाचं गणित

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांना आलेल्या पोरांचं वेळापत्रक हेच तुमचं वेळापत्रक. मेच्या सुरुवातीला परीक्षा होते आणि आठवडाभरात खोल्या रिकाम्या होतात. गाद्या, बादल्या, टेबलफॅन, अभ्यासाची टेबलं, सायकली, पुस्तकांचे गठ्ठे रस्त्यावर येतात. जूनमध्ये नवी बॅच हेच सगळं विकत घेते. मधल्या चार-पाच आठवड्यांसाठी पालिकेकडून एखादा रिकामा हॉल मागा आणि एप्रिलच्या अखेरीसच वसतिगृहांच्या रेक्टरना पत्रं द्या. पुस्तकं घेताना अभ्यासक्रम बदललाय का ते पाहा. स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडी वर्षभरात रद्दी होतात.

जूनमध्ये गणवेश, दप्तरं, रेनकोट. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी स्वेटर, चादरी, पातेली, कंदील असलं सामान बीड, धाराशिवकडच्या दुकानांनी पुढे काढावं. आवकेची लाट मात्र घट बसायच्या आधीच्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत. तेवढ्या दिवसांसाठी दोन जादा हात रोजाने लावा.

पैसे

महिन्याचा खर्च असा मांडा: दोन पूर्णवेळ बायकांचे २७,०००, वायरमन ५,०००, वाहतूक ३,०००, दुरुस्तीचं सामान, टिकल्या, पिशव्या १,५००, आणि वीज पालिकेने भरली नाही तर १,५००. एकूण ३८,०००. २६ दिवसांनी भागलं तर रोज साधारण १,४६० रुपयांची विक्री, म्हणजे ७० रुपयांची २१ बिलं. पगाराचे आकडे तुमच्या भागातल्या किमान वेतनाशी ताडून बदला, त्याच्या खाली जाऊ नका. पहिले सहा महिने एवढी विक्री होणार नाही, त्या तुटीचे पैसे आधी बाजूला ठेवूनच कुलूप उघडा.

दुकानाचं बँक खातं आणि हिशेबाची वही संस्थेच्या बाकी कामांपासून वेगळी ठेवा, धर्मादाय संस्थेच्या व्यवसायाला आयकरात हे लागतंच. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असू द्या, सचिवाच्या मोबाइलचा नको. माल विक्रीची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी साधारणपणे लागत नाही. गुमास्ता परवान्याचं म्हणाल तर एवढ्या थोड्या कामगारांच्या दुकानाला ऑनलाइन सूचना दिली की झालं.

मुख्याधिकाऱ्यांची बदली झाल्याचं कळलं की नवे साहेब रुजू होण्याच्या आठवड्यातच फाईल घेऊन जा. तीन कागद पुरतात: ठरावाची प्रत, करार आणि मागच्या बारा महिन्यांचा वजनाचा तक्ता. तक्त्याचा शेवटचा रकाना ‘डेपोवर न गेलेलं वजन, किलो’ असा ठेवा आणि त्याच्या पोचेवर आवक क्रमांक घेऊनच परत या.